ईएल३४ व्हॉल्व्ह बदलण्याआधी त्याची प्लेट लाल का होते ते शोधा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या मंडप आणि लाउडस्पीकरच्या व्यवसायातला ३० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर अनेक वर्षे माळ्यावर पडून होता. तो चालू केल्यावर आवाज येतो, पण दोन-तीन मिनिटांत स्पीकरला शक्ती देणाऱ्या दोन ईएल३४ आउटपुट व्हॉल्व्हपैकी एकाची आतली प्लेट लाल होते. दुसऱ्या व्हॉल्व्हची काच काळ्या बेसमध्ये हलते, आणि मागे सतत घूं असा आवाज असतो. दुकानदाराने दोन्ही व्हॉल्व्ह नवे घालायला सांगितले आहे. काचेला उघडा हात लागला तर व्हॉल्व्ह खराब होतो का, आणि हे सगळे सोडून ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा करून घ्यावा का, असेही आपण विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो. नवे व्हॉल्व्ह सध्या घेऊ नका, आणि ॲम्प्लिफायर आहे त्या स्थितीत पुन्हा चालूही करू नका. प्लेट लाल होणे हा बहुतेक वेळा व्हॉल्व्हचा दोष नसतो. व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरून धरणारा, ग्रिड नावाच्या आतल्या जाळीवरचा ऋण दाब (व्होल्टेज) कुठेतरी नाहीसा झाला आहे, याचे ते लक्षण असते. कारण शोधण्याआधी नवी जोडी घातली तर तीही त्याच होल्डरमध्ये लाल होईल आणि काही तासांत निकामी होईल. त्या भरात व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळाला, तर नुकसान व्हॉल्व्हच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते, कारण व्हॉल्व्ह आजही विकत मिळतात आणि तसा ट्रान्स्फॉर्मर मात्र गुंडाळूनच घ्यावा लागतो.

आपण विचारले नाही, तरी सुरक्षिततेचे सर्वांत आधी लिहिणे मला आवश्यक वाटते. या ॲम्प्लिफायरमध्ये प्लेटला जाणारा दाब, ज्याला आपण एचटी म्हणतो, साधारण ४०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो, आणि तो फिल्टरच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही साठून राहू शकतो. म्हणून चासी, म्हणजे यंत्राचा धातूचा सांगाडा, उलटी करण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढा. केवळ बटण बंद करून भागत नाही. नंतर १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या वायरींना जोडून, एक टोक चासीला आणि दुसरे कंडेन्सरच्या धन टोकाला दहाएक सेकंद धरा. मग मल्टिमीटरने दाब मोजा, दोन मिनिटे थांबा आणि पुन्हा मोजा, कारण इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये थोडा दाब आपोआप परत चढतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तीत कंडेन्सर दुखावतो आणि डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणून ती वापरू नये.

ॲम्प्लिफायर चालू ठेवून मोजमाप करायचे असेल तेव्हा मीटरच्या पिना क्लिपने आधीच, प्लग काढलेला असताना, जोडून ठेवा. तरीही हात घालणे भागच पडले, तर एकच हात वापरा आणि दुसरा पाठीमागे ठेवा. पायाखाली कोरडे लाकूड किंवा रबरी चटई असावी, पावसाळ्यात ओलसर फरशीवर हे काम करू नये, आणि घरात दुसरे मोठे माणूस असावे. जिवंत दाबावर काम करण्याची सवय नसेल, तर पुढचे मोजमाप जाणकाराकडून करून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. काय मोजायचे हे माहीत असले, तर त्याच्याशी बोलणे सोपे जाईल, एवढा या उत्तराचा उपयोग नक्की होईल.

दुसरी अट अशी की स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय हा ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटते. परंतु व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला सिग्नल असताना लोड नसेल, तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड दाब उसळतो आणि तारेचे इन्सुलेशन किंवा होल्डर फुटून ठिणगी पडते. मंडपाच्या ॲम्प्लिफायरला ४, ८, १५ ओहम आणि १०० व्होल्ट लाइन असे स्पीकर जोडण्याचे निरनिराळे टॅप असतात. चाचणीसाठी ८ ओहमच्या टॅपवर ८ ओहमचा, निदान २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. लाइन ट्रान्स्फॉर्मर नसलेला साधा कर्णा १०० व्होल्टच्या टॅपला जोडू नका, कारण ३० वॅटच्या यंत्राला त्या टॅपवर सुमारे ३३३ ओहमचा लोड अपेक्षित असतो.

आता लाल होणे म्हणजे नेमके काय, ते पाहू. व्हॉल्व्हच्या मध्यभागी, वरून किंवा खालून दिसणारी नारिंगी झळाळी हीटरची असते. ती हवीच. काचेच्या आतल्या बाजूला हलका निळा प्रकाश दिसतो, तोही बहुधा निर्दोष असतो; भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्यामुळे तो दिसतो आणि चांगल्या व्हॉल्व्हमध्येही असतो. मात्र आतल्या भागांच्या मध्ये जांभळट-गुलाबी धुके दिसले, तर व्हॉल्व्हमध्ये वायू शिरला आहे असे समजावे. आपण सांगता ती लाली बाहेरच्या राखाडी पत्र्याची, म्हणजे प्लेटची आहे. ईएल३४ च्या प्लेटला जास्तीत जास्त २५ वॅट उष्णता सोसण्याची परवानगी आहे, आणि पत्रा लाल दिसू लागला म्हणजे ती मर्यादा बरीच मागे पडली आहे. तिथून पुढे पत्र्यातून वायू सुटतो, निर्वात बिघडते, वायूमुळे प्रवाह आणखी वाढतो, आणि मग लाली स्वतःच स्वतःला वाढवत नेते. म्हणून लाली दिसताच ताबडतोब प्लग काढावा.

लाली प्लेटच्या पत्र्यावर नसून तिच्या आतल्या बारीक तारांवर आहे का, हेही एकदा नीट पाहून घ्या. आतल्या तारा तापत असतील, तर तो स्क्रीन ग्रिड आहे. त्या वेळी प्लेटला दाबच मिळत नसण्याची दाट शक्यता असते आणि सगळा प्रवाह बिचाऱ्या स्क्रीनवर येतो. पिन ३ वर एचटी नसेल, तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीची ती अर्धी बाजू तुटली आहे, आणि मग दुरुस्ती वेगळ्या दिशेला जाते. ऑक्टल होल्डरच्या पिना खालून पाहताना मधल्या खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. ईएल३४ मध्ये २ आणि ७ हीटर, ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ कंट्रोल ग्रिड, ८ कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) आणि १ सप्रेसर ग्रिड असतो.

आपल्या ॲम्प्लिफायरचे सर्किट माझ्यासमोर नसल्यामुळे पुढचे थोडे परिस्थितीवर अवलंबून आहे. पिन ८ पासून चासीपर्यंत काय आहे ते आधी पाहा. तिथे काहीशे ओहमचा जाड रेझिस्टर आणि त्याला समांतर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असेल, तर ती कॅथोड बायसची रचना आहे (बायस म्हणजे ग्रिडला लागणारा तो ऋण दाब): व्हॉल्व्हमधून जाणारा प्रवाहच त्या रेझिस्टरवर दाब निर्माण करतो, कॅथोड धन होतो आणि त्याच्या तुलनेत ग्रिड ऋण ठरतो. पिन ८ थेट चासीला किंवा १ ते १० ओहमच्या छोट्या रेझिस्टरमधून चासीला जात असेल, तर ती फिक्स्ड बायसची रचना आहे आणि ग्रिडला वेगळ्या पुरवठ्यातून ऋण ३० ते ४० व्होल्टच्या आसपास दाब दिला जातो. जुन्या यंत्रांत हा ऋण दाब तयार करायला कधी कधी सेलेनियमचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, वापरलेला असतो. सेलेनियमच्या चकत्या वर्षांनुवर्षे थकत जातात आणि ऋण दाब कमी पडू लागतो. पण तसे झाले तर दोन्ही व्हॉल्व्ह लाल व्हायला हवेत. आपल्याकडे एकच लाल होतो, त्यामुळे संशय त्या एका बाजूच्या भागांवरच जातो.

पहिली चाचणी अगदी सोपी आहे. व्हॉल्व्ह पूर्ण थंड झाल्यावर दोघांची अदलाबदल करा, अर्थात हलणारी काच खाली सांगितल्याप्रमाणे पक्की केल्यानंतरच, आणि ॲम्प्लिफायर सिग्नलशिवाय थोडा वेळ चालू करून नजर ठेवा. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या होल्डरमध्ये गेली, तर व्हॉल्व्ह दोषी. लाली त्याच होल्डरपाशी राहिली आणि तिथे आलेला दुसरा व्हॉल्व्ह लाल होऊ लागला, तर दोष चासीखाली आहे. जुन्या, न उघडलेल्या यंत्रांत मला बहुतेक वेळा दुसरे उत्तर मिळाले आहे, आणि त्यातही सर्वाधिक वेळा दोष कपलिंग कंडेन्सरचा निघाला आहे.

या कंडेन्सरचे काम असे की आधीच्या ड्रायव्हर व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा सिग्नल आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला द्यायचा, पण त्या प्लेटवरचा २०० ते ३०० व्होल्टचा डीसी दाब अडवून ठेवायचा. जुने मेणाचे किंवा कागदी कंडेन्सर दमट हवेत ओल धरतात आणि हळूहळू डीसी गळू देतात; कोकणात किंवा मुंबईत माळ्यावर काही पावसाळे काढलेल्या यंत्रात तर हे गृहीतच धरावे. ग्रिड रेझिस्टर ४७० किलोओहमचा असेल, तर केवळ २ मायक्रोॲम्पिअरच्या गळतीनेही ग्रिड जवळजवळ १ व्होल्ट धन बाजूला सरकतो, आणि २० मायक्रोॲम्पिअर गळले तर ९ व्होल्टपेक्षा जास्त सरकतो. बायसमधून एवढा दाब वजा झाल्यावर प्लेट लाल होणारच, त्यात नवल नाही.

तपासण्याची माझी पद्धत अशी आहे. प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून, कपलिंग कंडेन्सरचे ग्रिडकडचे टोक सोडवा आणि ते कशालाही लागणार नाही असे मोकळे ठेवा; ग्रिड रेझिस्टरला मात्र हात लावू नका, कारण ग्रिडला बायस त्याच्यातूनच मिळतो. त्या मोकळ्या टोकाला मल्टिमीटरची धन क्लिप आणि चासीला ऋण क्लिप लावा, आणि मग यंत्र चालू करा. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. कंडेन्सर चांगला असेल, तर आकडा क्षणभर वर जाऊन शून्याकडे उतरेल. तो २०-२५ व्होल्टवर स्थिर राहिला, तरी कंडेन्सर गळका आहे. याच वेळी व्हॉल्व्हकडेही लक्ष असू द्या: टोक सोडवल्यावर लाली येणे थांबले असेल, तर आपल्याला आपला गुन्हेगार सापडला. दोन्ही बाजूंचे कंडेन्सर एकदमच बदला. त्याच किमतीचे, म्हणजे छापलेले ०.१ किंवा ०.२२ मायक्रोफॅरड जे असेल ते, आणि ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ते सहज मिळतात आणि व्हॉल्व्हच्या जोडीच्या मानाने अगदीच स्वस्त पडतात. याचसाठी मी आधी दुकानात जाऊन व्हॉल्व्ह घेऊ नका म्हणतो.

कंडेन्सर निर्दोष निघाला, तर पुढे तीन ठिकाणे पाहावीत. ग्रिड रेझिस्टर तुटलेला असेल किंवा त्याची किंमत वाढून कित्येक मेगाओहम झाली असेल, तर ग्रिड अधांतरी राहतो. हे यंत्र बंद ठेवूनच मोजता येते. कॅथोड बायस असेल, तर कॅथोडवरचा इलेक्ट्रोलिटिक शॉर्ट झाला आहे का पाहा. तसे असेल तर पिन ८ वर जवळजवळ शून्य व्होल्ट मिळतील आणि बायस उरणारच नाही. तिसरी गोष्ट म्हणजे पिन ५ आणि चासीमधला दाब, व्हॉल्व्ह बसवलेला असताना आणि कपलिंग कंडेन्सर सोडवलेला असताना मोजायचा. यंत्र तापेल तसतसा तो धन बाजूला सरकत गेला, तर व्हॉल्व्हच्या आत वायू आहे आणि ग्रिडमधून उलटा प्रवाह वाहत आहे. केवळ या शेवटच्या बाबतीत व्हॉल्व्ह खरोखरच बाद झालेला असतो.

सगळे जागेवर आल्यावर प्लेटवर नेमके किती वॅट पडत आहेत ते काढून पाहावे, डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. फिक्स्ड बायसमध्ये पिन ८ ला १० ओहमचा रेझिस्टर असेल आणि त्यावर ०.४ व्होल्ट मिळाले, तर प्रवाह ४० मिलिॲम्पिअर. प्लेट ४०० व्होल्टवर असेल, तर १६ वॅट झाले, म्हणजे २५ च्या सुमारे ६४ टक्के. ६० ते ७० टक्क्यांच्या मधला हा आकडा पुश-पुल, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करणाऱ्या, ॲम्प्लिफायरला मानवतो. कॅथोड बायसमध्ये प्रवाह जास्त असतो. उदाहरणार्थ, प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र ४७० ओहमचा रेझिस्टर असून त्यावर ३० व्होल्ट आले, तर सुमारे ६४ मिलिॲम्पिअर झाले. त्यात स्क्रीनचा थोडा वाटा असतो, तो वजा करून उरलेला प्रवाह प्लेट आणि कॅथोड यांच्यातल्या दाबाने गुणावा. दोन्ही व्हॉल्व्हचा एकच रेझिस्टर असेल, तर एक व्हॉल्व्ह काढून यंत्र चालवू नये, कारण मग बायस कमी होऊन उरलेल्या व्हॉल्व्हवर बोजा पडतो.

याला जोडूनच मेन्सच्या दाबाचे सांगतो. मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर असेल आणि तो २२० वर असेल, तर आपल्या घरी प्रत्यक्षात किती दाब येतो ते मोजा. घरात २४० येत असतील, तर ६.३ व्होल्टचा हीटर जवळजवळ ६.९ वर चालतो आणि एचटीही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के वाढतो. पिन २ आणि ७ यांच्यामध्ये एसी दाब ६.० ते ६.६ च्या दरम्यान असणे उत्तम. सिलेक्टरवर २४० ची जागा असेल, तर ती निवडा. एवढ्याने व्हॉल्व्हचे आयुष्य वाढते आणि खर्च काहीच नाही.

आता हलणाऱ्या काचेकडे वळू. ही व्हॉल्व्हची अशी दुरुस्ती आहे जी घरी करता येते, आणि ती जमल्यावर मला स्वतःला नेहमी समाधान वाटते, कारण चांगला चालणारा व्हॉल्व्ह केवळ सिमेंट सुटल्यामुळे टाकून दिला जाणे फार वाईट. ऑक्टल व्हॉल्व्हमध्ये काच आणि बेस हे दोन निराळे भाग असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांच्यामधले सिमेंट भुसभुशीत होते. निर्वात काचेत असते, बेसमध्ये नसते, त्यामुळे काच हलली म्हणून व्हॉल्व्ह मेला असे होत नाही. धोका वेगळाच असतो: काचेतून निघणाऱ्या तारा बेसमध्ये पिनांपर्यंत जातात, आणि काच गोल फिरली तर त्या एकमेकींना टेकून शॉर्ट होतात. म्हणून काच जराही फिरवू नका. ती किंचित डुलत असेल, तर दुरुस्ती सोपी आहे. ती बरीच फिरलेली असेल, तर आधी मीटरने पिना तपासा. थंड व्हॉल्व्हमध्ये २ आणि ७ यांच्यात एखादा ओहम दाखवायला हवा, आणि कोणत्याही दुसऱ्या दोन पिनांमध्ये काहीही दाखवू नये.

सुटलेली भुकटी मऊ ब्रशने झटकून, फटीत उष्णता सोसणारे सिमेंट किंवा जास्त तापमानाला टिकणारे इपॉक्सी अगदी थोडे, तीन-चार ठिकाणी भरा आणि रबर बँडने काच सरळ दाबून दिवसभर ठेवा. घरात मिळणारे दोन नळ्यांचे साधे इपॉक्सी आउटपुट व्हॉल्व्हच्या तापमानाला मऊ पडते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर मुळीच वापरू नका, कारण त्यातले आम्ल तांब्याच्या तारा खाते. बेसच्या मधला दांडा तुटलेला असेल, तर अधिक सावध राहा. तो नसेल तर व्हॉल्व्ह चुकीच्या कोनात बसू शकतो आणि एचटी थेट ग्रिडला जाऊ शकते. दांडा तुटलेल्या व्हॉल्व्हवर आणि होल्डरवर रंगाची खूण करून ठेवावी.

व्हॉल्व्ह कधी पेटतो आणि कधी पेटत नाही असे होत असेल, तर पिनांमधला डाख पाहा. ऑक्टलच्या पिना पोकळ असतात आणि आतली तार टोकाशी सोल्डर केलेली असते; ते सोल्डर जुने होऊन सुटते. पिनेच्या टोकाला थोडा फ्लक्स लावून, सोल्डरिंग आयर्नने तापवून ताजे सोल्डर आत शिरू द्यावे आणि बाहेर जमलेले पुसून टाकावे, नाही तर पिन जाड होऊन होल्डरच्या पत्त्या ताणल्या जातील. ही युक्ती ईसीसी८३ सारख्या छोट्या, काचेतूनच पिना निघालेल्या व्हॉल्व्हला लागू नाही. त्यांच्या पिनांना सोल्डरिंग करू नका, आणि वाकलेली पिन काचेजवळ धरून सरळ करू नका. पिन जिथे काचेत शिरते तिथेच चीर जाते. होल्डरच्या सैल झालेल्या पत्त्या यंत्र बंद असताना बारीक सुईने आत ढकलून घट्ट करता येतात, आणि पिना व होल्डर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करणे तर अगत्याचेच आहे.

उघड्या हाताचा प्रश्न मात्र सहज सुटण्यासारखा आहे. बोटांच्या तेलाने खराब होतो तो हॅलोजनचा दिवा, कारण त्याचे क्वार्ट्झ फार उच्च तापमानाला चालते. ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हच्या काचेला बोटांच्या ठशांनी काही होत नाही. तरीही कापडाने धरावे असे मी सांगतो, ते दोन कारणांनी: चालू व्हॉल्व्हची काच हात भाजण्याइतकी तापलेली असते, आणि काचेवरची छापील अक्षरे बोटाने किंवा स्पिरिटने सहज पुसली जातात, मग तो व्हॉल्व्ह कोणता हेच कळेनासे होते. तापलेल्या काचेला ओले फडके लावू नका. व्हॉल्व्ह काढताना काचेला न धरता बेसला धरून, हलके डोलवत वर ओढा. काचेच्या आत दिसणारा चंदेरी डाग गेटरचा असतो, म्हणजे उरलेला वायू शोषणाऱ्या बेरियमचा. तो चंदेरी असेपर्यंत निर्वात शाबूत आहे, आणि दुधासारखा पांढरा झाला तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला.

घूं आवाजाबद्दल थोडक्यात लिहितो. आवाज ५० हर्ट्झचा आहे की १०० चा, ते कानाने ओळखा. दोन्हींमध्ये बरोबर एका सप्तकाचे अंतर असते. खर्जातला आवाज बहुधा हीटरच्या वायरींकडून किंवा एखाद्या व्हॉल्व्हच्या हीटर-कॅथोड गळतीतून येतो. त्याच्या वरच्या सप्तकातला, जरा खरखरीत आवाज बहुधा फिल्टर कंडेन्सर सुकल्याचे सांगतो, आणि इतकी वर्षे पडून असलेल्या यंत्रात मला तेच अधिक संभवनीय वाटते. शिवाय एक व्हॉल्व्ह लाल होत असताना पुश-पुलचा तोल गेलेला असतो, त्यामुळेही घूं वाढते. म्हणून आधी लाली दुरुस्त करा आणि मग घूं किती उरते ते पाहा.

इतके दिवस बंद असलेल्या यंत्राला थेट मेन्स देऊ नये, हे यापुढे लक्षात ठेवा. इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड घ्या आणि त्यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. आत शॉर्ट असेल, तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचते. डिमरस्टॅटने हळूहळू दाब वाढवून जुने इलेक्ट्रोलिटिक सुधारतात, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे, पण रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर ते साधत नाही: हीटर पुरेसा तापेपर्यंत रेक्टिफायर काहीच प्रवाह देत नाही, आणि देऊ लागतो तेव्हा दाब एकदम बराच चढलेला असतो. अशा वेळी मी फिल्टर कंडेन्सर सरळ बदलतो. जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हनंतरचा पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा ठेवू नये, कारण चालू होतानाचा झटका रेक्टिफायरला सोसत नाही.

तपासणीनंतर व्हॉल्व्ह खरोखरच घ्यावे लागले, तर ईएल३४ ची जुळवलेली जोडी घ्या. ६सीए७ हे त्याचेच अमेरिकी नाव आहे. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, आणि जुनी प्रसिद्ध नावे आता वेगळ्या कारखान्यांच्या मालावरही असतात. मुलार्डचे नाव आज रशियात बनलेल्या व्हॉल्व्हवर दिसते, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या जुन्या कारखान्याशी त्याचा संबंध केवळ नावापुरता आहे. म्हणून नावाला जास्त पैसे देऊ नका. नवी जोडी घातल्यावर बायस पुन्हा मोजा, ती तशीच जुळेल असे धरून चालू नका. छोटे व्हॉल्व्ह मात्र उगाच बदलू नका. त्यात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे निघाले, तर जपून ठेवा. अशा छोट्या व्हॉल्व्हवर भार कमी असतो आणि ते फार काळ टिकतात. लाकडी पेन्सिलीने हलके टिचकले असता स्पीकरमधून टणटण ऐकू येणारा तेवढा बदलावा.

ट्रान्झिस्टरचा करून घेण्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. पॉवर ट्रान्स्फॉर्मर आणि आउटपुट ट्रान्स्फॉर्मर हे या यंत्राचे सर्वांत मौल्यवान भाग आहेत, आणि ट्रान्झिस्टरच्या सर्किटला दोन्हींचा उपयोग नाही. म्हणजे उरेल ती केवळ पेटी. मंडपासाठी रोज भाड्याने द्यायचा असेल, तर वेगळा नवा ॲम्प्लिफायर घ्या आणि हा घरी ठेवा. कोणी केवळ रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून त्याजागी सिलिकॉन डायोड बसवायला सुचवले, तर तेही करू नका: एचटी वाढते, आणि बाकीचे व्हॉल्व्ह तापण्याआधीच पूर्ण दाब कंडेन्सरांवर येतो.

आपल्याला पुढे मदत करायची तर मला एवढे आकडे हवेत: पिन ८ पासून चासीपर्यंत काय जोडले आहे आणि त्यावर किती व्होल्ट मिळतात, दोन्ही होल्डरच्या पिन ५ वरचा दाब, पिन ३ आणि ४ वरचा दाब, पिन २ आणि ७ मधला एसी दाब, आणि अदलाबदलीनंतर लाली कुठे गेली. रेक्टिफायर कोणता आहे आणि चासीवर सर्किटचा कागद चिकटवलेला आहे का, तेही पाहून ठेवा. जुन्या यंत्रांत तो अनेकदा तळाच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मिळतो.